थांबायला शिकलेलं मशीन

मला बोलता येत नव्हतं तेव्हा लोक माझ्याशी ओरडून बोलायचे. कान शाबूत होते. झटका आला होता तो जिभेवर आणि उजव्या हातावर. तेव्हा आधी एवढं सांगून टाकते: तुमच्या घरी असं माणूस असेल तर त्याच्याशी ओरडून बोलू नका, आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. त्याला सगळं ऐकू येतं, आणि तो ते लक्षात ठेवतो.

मी चौथी पास आहे. लिहायची सवय वाणसामानाच्या चिठ्ठीपुरती. आता पेन्सिल डाव्या हातात धरते. अक्षर वेडंवाकडं येतं. ऱ्हस्वदीर्घ माझी सून मृणाल तपासते. वाक्याला मात्र हात लावू देत नाही.

त्या सकाळी

दुबईत करामातल्या आमच्या घरात मी चाळीसेक वर्षं राहते आहे. इमारत जुनी, तीन मजली. खाली केरळी माणसाचं हॉटेल, त्यामुळे सकाळी जिन्यात आमच्या चहाआधी त्यांच्या सांबाराचा वास. त्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते. मृणाल त्या दिवशी नेमकी घरून काम करत होती. माझा मुलगा प्रशांत ऑफिसला गेला होता.

मला चाळण हवी होती. मी म्हटलं, "मृणाल, जरा कपाट दे."

ती हसली. "आई, कपाट कुठून देऊ?"

मला राग आला. मी कपाट म्हटलंच नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी माझ्या कानाला ऐकू आलं. मी कपाटच म्हणत होते. तिसऱ्या वेळी तेही आलं नाही, नुसता आवाज आला. हातातली काडी खाली पडली आणि ती पडल्याचं मला डोळ्यांनी कळलं, बोटांना नाही.

मृणाल उठली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, हसून दाखवा."

मला वाटलं, ही वेडी झाली. पण तिचा चेहरा बघून हसले. तोंडाची एकच बाजू वर गेली असणार, कारण ती लगेच फोनवर इंग्रजीत बोलायला लागली, भराभर, पण न घाबरता. त्या मुलीचं मला तेव्हापासून कौतुक आहे. त्याआधी इतकं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्रशांतला सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, आणि बोलणं तिथं असतं. लवकर आणलं म्हणून जीव वाचला. बोलणं किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. प्रशांत पलंगाच्या कठड्याला धरून उभा होता. "म्हणजे आईला कळतंय का काही?" त्यानं विचारलं.

मला कळत होतं. सांगता येत नव्हतं.

आतून कसं असतं

लोक विचारतात, तेव्हा आत काय वाटत होतं? डोकं रिकामं झालं होतं का?

रिकामं नव्हतं. मला आधी वाटायचं, मेंदू म्हणजे स्वयंपाकघरातली मांडणी. एका डब्यात तूरडाळ, एकात मोहरी. डबा पडला की त्यातलं सांडलं. तसं काही नसतं. नर्स पाणी घेऊन यायची. ते ओलं आहे, गार आहे, आमच्या गावच्या विहिरीचं जरा मचूळ लागायचं, हे सगळं मला आठवायचं. फक्त त्याला म्हणतात काय, ते येत नव्हतं. शब्द गेला होता, पाणी गेलं नव्हतं.

मृणाल संध्याकाळी यायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिचं काम बोलणाऱ्या मशीनचं. तुम्ही फोनला काही विचारता आणि तो माणसासारखं उत्तर देतो, तसलं काहीतरी ती आणि तिच्या ऑफिसातली माणसं बनवतात. आजारी पडायच्या आधी मी तिला एकदा विचारलं होतं, "ते बोलतं कसं गं?" ती म्हणाली होती, "आई, जगातलं खूप सारं वाचतं, आणि मग पुढचा शब्द कुठला येईल ते ओळखतं." मी म्हटलं होतं, आमच्या शेजारची बाई असंच करायची, आपलं वाक्य आपल्याला पुरं करू द्यायची नाही.

आता माझंच वाक्य कुणीतरी पुरं करावं अशी वेळ आली होती.

पाढे

दवाखान्यात सकाळी रक्त काढायचे, मग नाश्ता, मग हाताचा व्यायाम करवणारी बाई, मग शीबा. शीबा बोलणं शिकवणारी. केरळची, तरुण, केस घट्ट बांधलेली. हिंदीत बोलायची. मला मराठी कार्ड लागतील म्हणून तिनं मृणालकडून चित्रांखाली मराठी शब्द लिहून घेतले होते. कप, छत्री, मासा. माशाला मी "गाय" म्हटलं. कोकणातली बाई माशाला गाय म्हणते यावरून काय झालं होतं ते ओळखा.

एके दिवशी कार्डांना कंटाळून मी डोळे मिटले, आणि तोंडातून आपोआप निघालं: तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस. थेट तेरा दाहे तीसासेपर्यंत. शेजारच्या पलंगावरची सुदानी बाई उठून बसली.

आमची शाळा राजापूरच्या खाडीकाठी, देवळाच्या सभामंडपात. चार इयत्ता आणि एक मास्तर. शाळेत पाढे, आणि घरी दिवेलागणीला पुन्हा परवचा. वडील पडवीत सुपारी कातरत बसायचे आणि आम्ही भावंडं ओळीनं उभी राहून पाढे म्हणायचो, मग पावकी, निमकी. चुकलं की अडकित्ता थांबायचा. ओरडायचे नाहीत. अडकित्त्याचा आवाज थांबला की कळायचं. त्या वासाची, त्या आवाजाची मला दवाखान्यात इतकी आठवण आली की मी तेराचा पाढा पुन्हा म्हटला, कुणी न सांगता.

मला वाटलं, सुटले. प्रशांतला तर नर्सनं फोन करून बोलावलं. शीबा मात्र मान हलवून म्हणाली, "अम्मा, ये अच्छा है. लेकिन ये बोलना नहीं है." पाठ केलेलं निराळ्या वाटेनं येतं, ती म्हणाली. गाणं, पाढे, प्रार्थना, शिव्या. मनातलं काही शोधून सांगायचं असतं ते निराळं. माझं पहिलं शाबूत होतं, दुसरं मोडलं होतं.

खरं ते तिनं सांगितलं. तरी त्या दिवशी मी जेवले नाही.

मृणाल मात्र त्यावरच अडकली. माझ्याजवळ बसून स्वतःशीच म्हणाली, "मग आमचं मशीन बोलतं ते यातलं कुठलं?"

मला उत्तर देता येत नव्हतं. देता आलं असतं तरी मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. घरी जाताना लिफ्टपाशी ती शीबाशी उभ्या उभ्या बोलत राहिली, ते मला काचेतून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी येऊन तिनं मला समजावलं. तिला आता एक फायदा होता. मी मध्ये बोलू शकत नव्हते. ती म्हणाली, त्यांच्या मशीनला नवं काही शिकवलं की कधी कधी ते जुनं विसरतं. माणसाचं तसं होत नाही, कारण माणूस झोपतो तेव्हा मेंदू दिवसभराचं आणि जुनं असं पुन्हा पुन्हा चाळतो, असं शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणून मशीनलाही नव्या धड्यात थोडे जुने धडे मिसळून देतात.

मला हसू आलं. यासाठी एवढी मोठी ऑफिसं बांधली? मला म्हणायचं होतं, "उजळणी." तोंडातून "उ, उ" आलं.

"उलटी?" ती घाबरून उठली आणि तिनं भांडं आणलं.

पूर्ण नाव

हळूहळू शब्द यायला लागले. पाणी आलं, चहा आला. मृणालचं नाव आलं, प्रशांतचं आलं. मला घरी सोडलं. खालच्या मजल्यावरची हमीदा पेज घेऊन आली. ती रत्नागिरीची, तिच्या नवऱ्याचं इथंच देरा बाजारात मसाल्याचं दुकान. दारातूनच म्हणाली, "काय गो सुमनबाय, बोलतीस का अजून मौनव्रत?"

मी म्हटलं, "बस."

"बघ, पयलाच शब्द हुकूम सोडायचा," ती म्हणाली आणि बसली. तिनं मला काही विचारलं नाही. आपणच बोलत राहिली, गावच्या बोलीत, आंब्याच्या साठांबद्दल आणि जावेच्या खोडींबद्दल. माझ्या आजारपणात ज्या चार गोष्टी बऱ्या झाल्या त्यातली ही एक. शीबा आणि डॉक्टर माझ्याकडून शब्द काढायला बघायचे. हमीदा नुसती घालत राहायची.

शीबा आता घरी येऊ लागली होती. प्रत्येक वेळी सुरुवात तीच. "अम्मा, पूरा नाम बताइए."

"सुमन," मी म्हणायचे. मग थांबायचे. मग "पाटकर."

"बीच का नाम?"

मी गप्प.

भिंतीवर आमच्या ह्यांचा हार घातलेला फोटो आहे. शीबा त्याच्याकडे बोट दाखवून विचारायची, "ये कौन हैं?"

"हे," मी म्हणायचे.

"नाम?"

मी गप्प. तिनं प्रशांतला बाजूला घेऊन सांगितलं, म्हणजे माझ्यापासून चार हातांवर, की जवळच्या माणसाचं नाव अजून येत नाही ही काळजीची गोष्ट आहे.

प्रशांतला ते फार लागलं. तो आपल्या वडिलांचा लाडका. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तो मृणालला म्हणाला, "ती बाबांना विसरली आहे. आपण दोघं दिवसभर बाहेर. उद्या ती पडली तर फोनवर कुणाला काय सांगणार? स्वतःचं पूर्ण नावसुद्धा सांगता येत नाही तिला. पुण्यात अशा पेशंटना सांभाळणारी चांगली जागा आहे. मी चौकशी केली आहे."

"आणि घरी बाई ठेवली तर?" मृणाल म्हणाली.

"ठेवून बघितली ना दवाखान्यातून आल्यावर? आईनं तिला चौथ्या दिवशी घालवली."

ते खरं होतं. ती बाई मला भरवायला बघत होती.

मी बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. पुण्यात मी आयुष्यात दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा लग्नाला. माझं गाव आता भावांच्या मुलांचं, आणि माझं घर हे. या घरात ह्यांनी स्वतः खिळा ठोकून तो घड्याळाचा हूक लावला, जरा तिरका. या बाल्कनीतून मी शुक्रवारच्या सुट्टीत ह्यांची वाट बघितली. ते तेव्हा अल कुसैसच्या एका वर्कशॉपात स्टोअर सांभाळायचे आणि सामान आलं की सुट्टी असूनही जायचे. आल्यावर आम्ही खाडीवर जायचो. दुबईत आले तेव्हा मी घाबरले होते, सगळीकडे वाळू. मग ह्यांनी खाडी दाखवली. काठाला गलबतं, त्यावर दोर वळणारी माणसं, खारा वास. मग माझा जीव जरा भांड्यात पडला. प्रशांत मधे बसायचा, उकडलेले चणे खात. आता तोच मला पुण्याला पाठवणार होता. वाईट मुलगा नाही तो. भ्यायलेला होता.

प्रशांत बाहेर गेल्यावर मृणाल माझ्याजवळ आली. फोटोकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्ही बाबांना कधी नावानं हाक मारली होती?"

मी मान हलवली. नाही.

"कधीच नाही? कुणापुढे सांगायचं झालं तर?"

"हे," मी म्हटलं. "प्रशांतचे बाबा."

"सरकारी ऑफिसात?"

"ते... सांगायचे. मग प्रशांत."

ती मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. "म्हणजे इतके दिवस आपण सगळे तुमच्या मेंदूला नावं ठेवतोय, आणि तुम्ही साधी रीत पाळताय."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या आईनं घेतलं नाही, मी घेतलं नाही. शीबाला हे कसं माहीत असणार? आणि प्रशांत याच घरात वाढला, पण आई कधी बाबांचं नाव घेत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलांना आईबापांच्या मधलं काही दिसत नसतं.

मृणाल म्हणाली, "मग आता घ्या. बाबा रागावणार नाहीत. एकदा म्हणून दाखवा, मी उद्या शीबाला आणि प्रशांतला सांगते."

मी तोंड उघडलं. नाव आलं नाही.

पुन्हा बघितलं. ह्यांचा चेहरा समोर, ह्यांचा विडी सोडल्यावरचा खोकला कानात, सही करताना पेन झटकायची लकब. सगळं होतं, नाव नव्हतं. मृणाल हसायची थांबली. इतके दिवस मी नाव घेत नव्हते, की मला येत नव्हतं? माझं मलाच ठाऊक नव्हतं. जी वाट मी जन्मात चालले नाही ती बंद आहे की उघडी ते कळणार कसं?

मी रडले नाही. पण तशी भीती मला दवाखान्यातसुद्धा वाटली नव्हती.

टॅबलेट

मृणालनं माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी बसून टॅबलेटवर एक मशीन बनवलं होतं. मी अर्धा शब्द बोलले की ते पुढचा ओळखून मोठ्यानं म्हणायचं, छान मराठीत, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. मी म्हणायचे "पा", ते म्हणायचं, "पाणी हवं आहे का?" मला पाय सरळ करून हवा असायचा. मिळायचं पाणी. नको म्हणायला "न" काढला की ते म्हणायचं, "नाश्ता?" त्या आठवड्यात मी इतकं पाणी प्यायले की न्हाणीघरात जाऊन जाऊन दमले.

एक दिवस मी टॅबलेट उशीखाली घातला आणि वर बसले.

"आई, ते नव्वद टक्के बरोबर ओळखतं हो," मृणाल म्हणाली.

"मला... बोलू... देत नाही," मी म्हटलं. आजारानंतरचं माझं पहिलं पूर्ण वाक्य. रागातून आलं.

शीबा तिथंच होती. ती म्हणाली, अम्मा बरोबर सांगते आहे. शब्द आयता मिळाला की मेंदू तो शोधायचं सोडून देतो. शोधताना जी खटपट होते, तिनंच नवी वाट पडते. म्हणून आम्ही फक्त पहिलं अक्षर देतो आणि थांबतो.

"किती वेळ थांबायचं?" मृणालनं विचारलं. तिला मशीनमध्ये आकडा घालायचा होता.

"जब तक आँखें ढूँढ रही हैं," शीबा म्हणाली. "आँखें छोड़ दें, तब बोलो."

मृणाल म्हणाली, आम्ही मशीनला आजवर फक्त लवकर उत्तर द्यायला शिकवलं. थांबायला कुणी शिकवलंच नाही.

मला ह्यांच्या टेपची आठवण झाली. ते सगळं मी मृणालला नंतर, बोलणं आल्यावर सांगितलं, पण इथं लिहिते. लग्नानंतर पहिली काही वर्षं हे दुबईत आणि मी गावी. पत्र लिहायचा ह्यांना कंटाळा. गावचं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचे, आवाज भरून. घरात सगळे बसून ऐकायचे, सासूसासरे, दीर, शेजारी. हे म्हणायचे, "आई, तब्येत कशी आहे?" मग टेप नुसती सरसरत राहायची. मग म्हणायचे, "बरं. औषध घेत जा." आईनं उत्तर द्यावं म्हणून जागा सोडलेली असायची. सासूबाई त्या जागेत खरंच उत्तर द्यायच्या. माझ्यासाठी हे काही बोलायचे नाहीत, चारचौघांत कसं बोलणार? पण शेवटी, टेप संपायच्या आधी, एक रिकामी जागा असायची. कुणाचं नाव नाही, प्रश्न नाही. बाकीचे उठून जायचे. मी टेप बंद करायच्या निमित्तानं तिथं बसून राहायचे आणि मनातल्या मनात काय बोलायचं ते बोलून घ्यायचे.

आता माणसं एकमेकांना सारखी दिसतात फोनवर. एवढं थांबत कुणी नाही.

उखाणा

मशीन बदलेपर्यंत काही दिवस गेले. त्या काळात मृणालनं एक गोष्ट शोधली, आणि ती मशीननं नाही, तिनंच. एका दुपारी हमीदा आली होती, तेव्हा मृणाल म्हणाली, "आई, उखाण्यात तर नाव घेतलं असेल ना? लग्नात?"

हमीदानं टाळी वाजवली. "घे गो बाय. माज्या पोरीच्या शादीतपण तू घेतलंवतंस."

मी विचार केला असता तर आलं नसतं. केला नाही. माझ्या लग्नात दारात अडवून बायका म्हणाल्या होत्या, ही शाळेत गेलेली, हिला नाव घ्यायला लाज वाटेल. तेव्हा जे तडकाफडकी म्हटलं होतं, ते जसंच्या तसं बाहेर पडलं:

"खाडीच्या पाण्यावर चांदणं पडलं, विनायकरावांचं नाव घ्यायला माझं काय अडलं?"

हमीदा म्हणाली, "अडलावता ना दोन महिने." मग पदरानं डोळे पुसायला लागली. मी तिला म्हटलं, "गप."

नाव होतं तर. तेराच्या पाढ्याच्याच वाटेवर होतं. पण नुसतं काढायला गेले की यायचं नाही. ओळ म्हटली तरच यायचं. शीबाला सांगितल्यावर ती खूश झाली आणि म्हणाली, आता ओळ थोडी थोडी कापायची.

मृणालनं ते मशीनला शिकवलं. आधी मशीन पहिली पूर्ण ओळ म्हणायचं आणि थांबायचं, मी दुसरी म्हणायचे. मग ते नुसतं "खाडीच्या पाण्यावर" म्हणून थांबायचं. मग नुसतं "खाडी". टॅबलेटचा कॅमेरा माझ्या डोळ्यांकडे बघायचा. मी शोधत असले की ते गप्प. नजर खाली पडली की हळूच पुढचं एक अक्षर. मृणाल म्हणायची, मेंदूचं हे असं असतं हे आधी कळलं असतं, तर आम्ही मशीन निराळं बांधलं असतं. मी तिला तुटक तुटक सांगितलं, तुझ्या मशीनला तहान लागत नाही. लहान पोर तहान लागते म्हणून पाणी शिकतं. तुझं नुसतं ऐकून शिकतं.

"त्यावरही लोक काम करतायत, आई," ती म्हणाली. सगळ्यावर कुणी ना कुणी काम करतच असतं, असं दिसतं.

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. कितीतरी दिवस "खाडी" म्हटलं की मला खाडीच दिसायची, आमची आणि दुबईची एकमेकांत मिसळून, आणि मी तिथंच बसून राहायचे. एकदा चिडून टॅबलेट ढकलला, कोपरा तडकला. तो अजून तसाच आहे.

फोन

प्रशांतनं पुण्याच्या जागेला अजून होकार कळवला नव्हता, पण ते लोक विचारत होते. शेवटी शीबाच म्हणाली, करून बघू. ती स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेईल, मी बाहेरून तिला फोन करायचा. ती अँब्युलन्सवाली. कोण बोलतंय, कुठून, काय झालं, तिन्ही सांगता आलं तर मी दिवसा एकटी राहू शकते. नाही आलं तर तीही प्रशांतच्या बाजूनं बोलेल. टॅबलेट बंद.

मी डाव्या हातानं फोन लावला. प्रशांत समोर हात मागे बांधून उभा होता, मृणाल त्याच्या शेजारी.

"हॅलो. कौन बोल रहा है?"

"सुमन," मी म्हटलं.

मग काहीच नाही. शीबाही काही बोलली नाही. फोनमधून नुसती सरसर येत होती. प्रशांतचे ओठ "वि" म्हणायला वळले, तसा मृणालनं त्याचा दंड धरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एसी चालू असताना. मला त्याची कीव आली, पण त्याला मदत करण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

"विनायक," मी म्हटलं. "सुमन विनायक पाटकर. करामा."

नुसतं. ओळ नाही, खाडी नाही.

"क्या हुआ, अम्मा?"

इथं "मैं गिर गई" म्हणायचं ठरलं होतं. आम्ही ते घोकलं होतं. पण मी पडले नव्हते. मी म्हटलं, "कुछ नहीं हुआ. मेरा लड़का सामने खड़ा है. उसको सुनने का था, इसलिए लगाया."

आधी स्वयंपाकघरातून शीबाचं हसू आलं, दारापलीकडून एकदा आणि फोनमधून एकदा. मृणाल प्रशांतला म्हणाली, "हे पाठ केलेलं नाहीये. ऐकलंस ना? हे कुणी शिकवलं नव्हतं तिला."

प्रशांत वळला. बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

अजूनही माझे काही शब्द आले नाहीत. धणे आणि जिरे यांत गोंधळ होतो, उजवा हात कणीक मळत नाही, दमले की वाक्य मधेच तुटतं. डॉक्टर म्हणतात यापुढे फार सुधारणा होणार नाही. ज्यांना हे होईल त्यांनी सगळं परत मिळेल अशा आशेवर बसू नये. पुष्कळसं मिळतं. घरच्यांनी घाई केली नाही तर जास्त मिळतं.

त्या रात्री जेवताना प्रशांत ताटात बघत होता. "पुण्याला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. मग मान वर करून विचारलं, "आई, राहशील ना तू दिवसभर एकटी? नक्की?"

"हो," मी म्हटलं.

तो घास हातात धरून थांबला. मृणालही थांबली. मी पुढचं शोधते आहे असं दोघांना वाटलं. दोघं तशीच वाट बघत राहिली, आणि मी माझा भात संपवला. पुढे काही नव्हतं. मला तेवढंच म्हणायचं होतं.